बादली भरायच्या आत

डॉक्टरीणबाईंच्या पाटीवर आधी शिरोरेघ कोरून घेतली,
मग खाली अक्षरं.
'अहि' रेघेला नीट धरून राहिलं.
'रराव' चार मिलिमीटर खाली.
दोरीवरून घसरलेले कपडे जणू.
सागवान गेलं. कटर शाबूत.

चूक मोटारीची नाही म्हणवत
आणि आहे असंही म्हणवत नाही.
तिला डोळे नाहीत. कंट्रोलर सांगतो, इतकी पावलं टाक.
टाकली की नाही हे तो वळून बघत नाही,
आकडा पुढं सरकवतो, पोचली समजतो.
पळताना तिची चाळीसएक पावलं हुकली
आणि उरलेलं आडनाव तिनं
अगदी मन लावून चुकीच्या जागी कोरलं.

मिनिटाला सहाशे मिलिमीटरनं ती कधी चुकत नव्हती.
पण एका पाटीला सव्वादोन तास,
आणि सोसायटीच्या बारा पाट्या दसऱ्याआधी.
पंधराशे केलं तर किर्र करून
जागच्या जागी थरथरते, हिव भरल्यासारखी.

गांगुर्डे आला, बाल्कनीत उकिडवा बसला,
म्हणाला, करंट वाढव.
वाढवला.
मोटारीवर बोट ठेवून तीन मोजता येईनात, इतकी तापली.
वेग तोच.
गांगुर्डे चहा पिऊन गेला.

पवननगरला पाणी पहाटे पाच-चाळीसला येतं.
चौथ्या मजल्यावर ते येतं म्हणणं हा आमचा चांगुलपणा.
करंगळीएवढी धार, खाली बादली,
आणि वीस मिनिटांत वरच्यांचा व्हॉल्व्ह.
अर्धी भरलेली बादली उचलताना
मी तसाच थांबलो.

मोटारीतलं तांब्याचं वेटोळं बादलीच की.
करंट त्यात एकदम शिरत नाही, भरत जातो.
सावकाश चाललं तर काठोकाठ,
पळवलं तर भरायच्या आत पाळी संपते,
पुढचं वेटोळं, पुढची रिकामी बादली,
आणि रिकाम्या बादल्यांनी कोण काय ओढणार?
मी बादली मोठी करत बसलो होतो.
धारेला जोर हवा होता.

मेन रोडमागच्या गल्लीतून छत्तीस व्होल्टचा सप्लाय आणला.
बाराचा काढला, पुसून खोक्यात ठेवला.
ड्रायव्हर चाळीसपर्यंत सोसतो,
वरचे चार मोकळे सोडले,
थांबताना मोटार थोडं उलटं फेकते, त्यासाठी.
करंट पुन्हा खाली, तिच्या अंगावर लिहिलाय तेवढाच.
आणि उठल्याउठल्या पळायला लावायचं नाही.
चढ द्यायचा हळूहळू, उतारही तसाच.
आठशेच्या आसपास खिडकीची काच बोलायला लागते,
तिथं रेंगाळायचं नाही, ओलांडून जायचं.

सातपूरला एकतीस वर्षं लेथवर होतो.
शिरसाठ नावाचे गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन मागं उभे राहायचे.
दर दिवाळीला दोन नग जास्त.
जोर त्यांनीही दिला, नाही कशाला म्हणू,
वेटोळं भरलं का ते घड्याळात दिसत नव्हतं.
फोनवर सांगायचो, निघालोच.
घरी धरून चालायचे, पोचतोय.
पोरीच्या गॅदरिंगचे फोटो आहेत कपाटात,
माझी खुर्ची त्यात
नेमकी जिथं असायला हवी तिथं आहे.

काल रात्री बाविसशेवर चालवली.
आवाज वेगळाच, चिडका नाही,
कापड फाडल्यासारखा सलग.
'अहिरराव' एका रेघेत, पंचावन्न मिनिटांत.
खालच्या मजल्यावरचे काळोखे
तक्रार करायला वर आले, बघत उभे राहिले,
त्यांच्या पाटीचा दर विचारून गेले.

मग तिला शून्यावर परत बोलावलं
आणि डायल गेज लावून बसलो.
काटा हलला, अर्धं घर.
परत पाठवली, परत बोलावली.
अर्धंच घर.

साडेपाच वाजले होते.
दहा मिनिटांत पाणी.
बादली लावली, आणि तिसऱ्यांदा पाठवली.