हात बसेपर्यंत

सोहारच्या रोजगार कार्यालयात गारवा इतका
की टोकनचा कागद बोटांना ओला वाटतो.
आमचा एकशे सव्वीस. फलकावर ब्याण्णव.
शेजारी रय्या. मांडीवर फाईल, अबायाच्या बाहीखाली
मनगटावर भाजल्याचा डाग, पहिल्या वर्षीचा.
तेव्हा रडली नव्हती. होल्डर मात्र
शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला होता.

मी तिचा उस्ताद.
इथे आलो तेव्हा एवढा एकच शब्द
नव्याने शिकावा लागला नव्हता.

बाकांवर मुलंच मुलं, पांढरे दिशदाशे,
नक्षीच्या टोप्या, पदव्या प्लास्टिकमध्ये.
एकाचा डोळा लागलाय; नंबर गेला की काय
म्हणून शेजारचा त्याला ढोसतो.
ही झोप मी ओळखतो.
रत्नागिरीच्या सेवायोजन कार्यालयाच्या पायरीवर
मीही काढली आहे,
खिशात आयटीआयचा दाखला, हातात नोंदणीचं कार्ड,
दर तीन वर्षांनी नूतनीकरण, शिक्का, "कळवू".
कळवलं त्यांनी. नाही असं नाही.
मी इथल्या गोदीत दोन उन्हाळे काढल्यावर
थोरल्याने फोनवर पत्र वाचून दाखवलं:
मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.
तारीख आदल्या सोमवारची.
हसण्यातच त्या दिवशीचं फोनकार्ड संपलं.

"उस्ताद, काय विचारतील?"
विचारतील, पाइप आडवा असेल तर आर्क किती ठेवशील.
"आणि मी बाई आहे ते?"
ते विचारणार नाहीत. बघतील.
ती हसत नाही.
एकवीस जणांच्या तुकडीत एकटी होती,
पहिल्या आठवड्यातला तिचा जोड म्हणजे
ओल्या सिमेंटवरून कोंबडी गेलेली.
मी म्हणायचो, हात बसू दे. हात बसायला वेळ लागतो.
आता हे अरबीत कसं न्यायचं?
बाकावर पंजा टेकवून दाखवला,
असा. दमून बसतो तसा नाही,
आपल्या घरात बसतो तसा.
दोन वर्षं शिकण्यात गेली, एक माझ्या हाताखाली.
आता तिच्या शिवणीवरून नखही अडखळत नाही.

एकशे सव्वीस.

खिडकीतला याकूब कळा दाबतो, थांबतो,
मग पडदा किंचित स्वतःकडे वळवतो.
तोवर मी वाचलेलं असतं.
प्रशिक्षक, वेल्डिंग, शेड क्रमांक तीन.
स्थानिक उमेदवार. जागा एक.
शेड तीनमध्ये जागा एकच आहे.
तिच्या खुर्चीची गादी मी सूकमधून
माझ्या पैशाने शिवून आणली आहे.

कुणीच बोलत नाही. प्रिंटर बोलतो.
रय्या फाईल छातीशी धरते,
"दुसरं दाखवा. बंदरावरचं काही."
बंदरावरचं कंत्राटी आहे, मी म्हणतो, हेच घे.
सव्वीस वर्षं झाली, परिपत्रकं वाचता येतात मला.
हे येणार ते ठाऊक होतं.
माझ्याच गाडीतून येईल,
वाटेत थांबून लबान पिईल,
पैसे मला देऊ देणार नाही,
ते ठाऊक नव्हतं.

शिफारसपत्रात रकाने.
शिस्त: चांगली.
उपस्थिती: बाप आजारी होता ते सहा दिवस सोडून पूर्ण.
ओव्हरहेड जोड: "माझ्याहून चांगला" लिहितो, खोडतो,
खोडलेल्याच्या वर पुन्हा तेच लिहितो.
सुधारणा कशात हवी:
पेन इथे बराच वेळ उभं.
मग लिहितो, स्लॅग झाडताना घाई करते.

"नाही करत," ती डोकावून म्हणते. कान लाल.
करतेस.
"नाही करत, उस्ताद."
अगं, परवाच्या जोडात राहिला होता, खालच्या बाजूला, तांदळाएवढा.
"तो मी ठेवला नव्हता, तो—"

याकूब शिक्का हवेत धरून थांबलेला.
फलकावर एकशे सत्तावीस.
मागचा मुलगा जागा होऊन उठतो, टोपी नीट करतो,
आणि आम्ही अजून त्या तांदळावर अडून.