दीड फूट समुद्र

पडद्यावरची नदी मी चाळीस मिनिटांत काढतो.
वडशाच्या नाटक कंपन्यांना घाई असते,
आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला
नदी आहे एवढं कळलं की पुरतं.
निळा डबा, पांढरा डबा, चार इंची ब्रश,
कोपऱ्यात दोन कमळं.

लटारू नान्हे जहाज घेऊन दुकानात आला,
गोणपाटात गुंडाळून, तापातलं पोर आणावं तसं.
सागाचं, हातभर लांब.
धुराड्याला सायकलच्या पंपाची नळी,
शिड्या आगकाड्यांच्या, नांगर म्हणून मासोळीचा गळ.
"शाळेच्या कपाटात ठेवाचं हाये," म्हणाला,
"खाली पानी करून दे. खरं."

मी केलं. प्लायवूडवर निळं, वर पांढऱ्या रेघा.
त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.
"हे पडद्याचं पानी होय गा.
याच्यात राजकन्या आंघोळ करते,
जहाज नाही चालत."

मग टिश्यू पेपर चुरगाळून फेव्हिकॉलात बुडवला,
बोटांनी पसरला, सुरकुत्या राहू दिल्या.
वाळायला दोन दिवस.
पहिल्याच रात्री मांजर त्यावरून चालून गेलं,
चार खड्डे पडले लाटांमध्ये.
सकाळी पाहिलं तर तेवढेच खरे वाटत होते.

वर काळा. काळ्यात बाटलीचा हिरवा.
निळा नखभर.
वीस वर्षं ज्या डब्यावर पोट भरलं
त्याला झाकण लावताना चोरी केल्यासारखं झालं.

संध्याकाळी मामा तलावाच्या पाळीवर बसलो.
पाण्याला स्वतःचा रंग नव्हताच,
मोहाच्या झाडांचा होता, म्हशींचा होता,
आभाळाचा उरलासुरला.
ढिवराचा डोंगा गेला, मागे एक घडी पडली,
काठाशी येता येता पाणी ती विसरून गेलं.
विसरणं कोणत्या ब्रशनं काढायचं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

लटारूला विचारलं,
जहाजामागे फेस किती लांब राहतो?
तो बराच वेळ नांगराच्या गळाशी चाळा करत राहिला.
"मले का मालूम गा.
अठरा वर्षं मी खाली होतो, इंजिनात.
पानी पाह्यलं ते बंदरातलं,
तेलाचं, टरबुजाच्या साली तरंगत असलेलं.
बाकी आयकलं. पत्र्याच्या पल्याडून."

आणि उठून त्यानं माझ्या दुकानाच्या शटरला कान लावला.
बोटाच्या पेरानं टकटक केलं: हे शांत.
तळव्यानं थापलं: हे आषाढातलं.
मग खांदा देऊन असा धडकला
की समोरचा टेलर बाबाराव कात्री घेऊन बाहेर आला.
"हे," लटारू म्हणाला, "हे पाहिजे, पन लांबून येताना."

मी रंग कालवत गेलो.
तो डोळे मिटून शटर वाजवत गेला.
हा? थोडं जड.
हा? अजून जड. पोटात बसलं पाहिजे.
कोरड्या ब्रशनं पांढरा जेमतेम टेकवला,
जिथं त्याचा श्वास अडला तिथं.

व्हार्निशचे सात हात.
चौथ्यात एक चिलट अडकलं, काढलं नाही.
जहाजाच्या बुडाशी राहिलेल्या फटीत
कापूस आणि डिंक भरला,
म्हणजे ते ठेवल्यासारखं न दिसता
रुतल्यासारखं दिसावं.

आता ते कपाटात आहे,
कबड्डीची ढाल आणि पेंढा भरलेलं मुंगूस यांच्यामध्ये.
काचेवर पोरांच्या बोटांचे ठसे,
ओलं आहे का, ते बघायला आलेल्या.
त्यांच्या वर, मोठ्या माणसाच्या उंचीवर,
एक तेलकट डाग, कानाच्या आकाराचा.

यंदा दिवाळीनंतर नाटकाची नदी रंगवली.
मॅनेजर म्हणाला, पेंटर, नदी अंधारली,
हिरोइन दिसणार कशी?
पन्नास रुपये कापले.
मी कमळं वाढवून दिली.