निम्म्यावर

मालन गेली नाशकाला, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली,
आणि ओट्यावरच्या खोक्याकडं बोट दाखवलं:
"गॅसला हात लावायचा न्हाई. मागं दूध ठेवून झोपलासा.
ह्याच्यावर भागवा."

चौतीस वर्षं मी उद्यमनगरात ओतकाम केलं.
भट्टीचा नुसता रंग बघून सांगायचो,
आता ओता, आता थांबा.
लोखंड पाण्यासारखं वाहायचं तेव्हा घाम यायचा,
भीती कधी नाही.
आणि ह्या खोक्यापुढं उभा,
चष्मा नाकावर, चिठ्ठी हातात,
पहिल्या पाळीला आलेल्या पोरासारखा.

चिठ्ठीत पहिलं: स्टील आत घालू नका.
मी मांडणीकडं बघितलं.
वाट्या, तांबे, डबे, सगळ्यांच्या पोटावर नावं.
'चि. सौ. कां. मालन हिस मामांकडून.'
'शिरोळे बंधूंकडून सप्रेम.'
एका डब्यावर माझंच,
निवृत्तीच्या दिवशी फौंड्रीतल्या पोरांनी दिलेला.
अख्खं घर आहेराचं,
आणि त्यातल्या एकालाही आत घेत नाहीत.
शेवटी खालच्या वरुट्यांच्या सुनेकडून
काचेचा वाडगा मागून आणला,
खानावळीची पिशवी कापून त्यात पांढरा रस्सा ओतला.

तीन मिनिटं. फुल्ल.
जाळ नाही, धूर नाही. आत पिवळा दिवा,
ताट गरगर फिरतंय
आणि कुठंतरी लांब पिठाची चक्की चालल्यासारखी घरघर.
टिंग.
काठाला चटका, मध्ये बोट बुडवलं तर गार.
रस्सा फाटला होता,
नारळ एकीकडं, पाणी एकीकडं.

फोन लावला.
"फुल्लवर कशाला? निम्म्यावर ठेवायचं.
मी सांगतो ते ऐका.
मधेच थांबवून ढवळायचं, कडेचं आत, आतलं कडेला.
वर झाकण, पण फट ठेवा.
आणि टिंग झालं म्हणून लगेच खायला बसू नका. मिनिटभर तसंच ऱ्हाऊ दे."
"बंद झाल्यावर काय तापतंय?"
"तापतंय. बंद झाल्यावरबी आत चाललेलं असतंय."

मी गप्प बसलो.
साचा गरम असताना फोडायचा नसतो,
हे मीच किती जणांना दरडावून सांगितलंय.

गुरुवारी अंडं ठेवलं. सालासकट.
चिठ्ठीत होतं, पण मागच्या बाजूला.
असला बार उडाला की वरुट्यांची सून जिना चढून आली.
ती हसत होती,
मी मनगटावरचा जुना डाग चोळत उभा.
त्या दिवशी वाळूत ओल राहिली होती,
वाटीभर असेल नसेल,
तेवढ्यानं तापलेलं लोखंड छतापर्यंत गेलं.
वाफेला वाट ठेवली नाही की
ती आपली आपण काढती,
मग समोर अंडं असू दे, नाहीतर माणूस.

छतावरचा बलक पुसला.
वाडग्यात पाणी, लिंबाच्या दोन फोडी,
आणि एक लाकडी चमचा. नुसतं सपाट पाणी ठेवू नये,
उकळलेलं दिसत नाही,
हात लागला की अंगावर येतं.
हे मात्र चिठ्ठीत नव्हतं. सुनेनं सांगितलं.
मालनला मी काही बोललो नाही.

रविवारी पहाटे फोन. मुलगी झाली.
दोघी बऱ्या आहेत. बारशाला या, म्हणाली,
बारशानंतरबी महिनाभर मी हितंच.
मग जरा थांबून,
"रस्सा फाटतोय का अजून?"
"न्हाई. निम्म्यावर ठेवतो."

दुपारी टिंग वाजली तसा हात मागं घेतला.
मिनिटभर ओट्याला टेकून उभा राहिलो,
मनातल्या मनात आकडे मोजत, भट्टीवर मोजायचो तसे.
मग चमचा मधोमध घातला.

काल लाईट गेली होती तेव्हापासून
खोक्यावरचं घड्याळ शून्यावर लुकलुकतंय.
ते कसं लावायचं
चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना नाही.