नऊ इंच

नोटीस आली तेव्हा आक्काताई मगदूम
पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.
मी रफीक मुलाणी, परवाना असलेला प्लंबर,
मिरजेहून सांगलीला सायकलवरनं येणारा,
मीच वाचून दाखवली:
मुख्य वाहिनीपासून तीस मीटरच्या आत जे घर असेल
त्याने साठ दिवसांत जोडणी घ्यावी,
शौचालयाची टाकी उपसून, मुरूम भरून बंद करावी,
नपेक्षा दंड.
"नपेक्षा म्हंजे?"
"म्हंजे नाहीतर."
"मग नाहीतर म्हणायला काय झालंय त्यांना?"

टेप लावला. एकोणतीस मीटर, वर चार बोटं.
घर एक मीटर मागं असतं
तर कुणी विचारलंही नसतं.

टाकी तीन कप्प्यांची, त्यांच्या मालकांनी बांधून घेतलेली.
मार्केट यार्डात हळदीची पोती तोलणारा माणूस,
विटासुद्धा मोजून आणल्या होत्या म्हणे, एक उरली नाही.
पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात पाणी निवळतं,
तिसऱ्यातनं शोषखड्ड्यात जावं असं पुस्तक सांगतं.
पण ही काळी जमीन. ती पाणी गिळत नाही,
हट्टी पोरगं औषध धरतं तसं
तोंडात धरून बसते.
आणि पुराच्या साली तर टाकीनंच
झाकण उचलून बाहेर बघितलं.
सगळ्यांचं सगळ्यांच्या अंगणात.
कुठलं कुणाच्या घरचं,
कुणाला निवडता आलं नाही.

नियमावली माझ्या पिशवीत असते,
सोल्युशनचे डाग पडलेली.
तिच्यातली एक ओळ मी प्रत्येक दारात मोठ्यांदा वाचतो:
टाकीत माणूस उतरवू नये.
तेवढ्यापुरती टँकरवरचा पोपट वायदंडे
मोटर बंद करतो.
त्याचा आजा उतरायचा.
कमरेला दोर.
दोर धरायला आजी.

मग मी नळी काढली, आरपार दिसणारी, पाणी भरलेली.
एक टोक पोपटकडं, रस्त्यावरच्या चेंबरपाशी,
एक माझ्याकडं, मागच्या मोरीच्या भिंतीला.
पाणी दोन्हीकडं हललं, डुचमळलं, थांबलं.
पाण्याला कुणाची भीड नसते.
चेंबरचा तळ वर, घरातला पाइप खाली.
नऊ इंच.
टोकं बदलून पुन्हा धरली.
नऊच.

खोल खणताना पाणी लागलं होतं म्हणे ठेकेदाराला,
म्हणून त्यानं लाइन वरनंच नेली.
आता भांडं उचलायचं तर दोन पायऱ्या चढून जावं लागणार.
आक्काताईंनी आधी गुडघ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"रात्री चारदा उठते मी."

फॉर्मवर चौकटी दोनच.
जोडणी घेतली.
जोडणी नाकारली.
यांनी घेतली नाही, पण नाकारली कुठाय?
साहेबांना फोन लावला. ते म्हणाले,
पहिलीवर खूण कर, कोरडाच पाइप पुरून टाक,
मातीखालचं कोण बघतंय?

मातीखालचंच बघत आलोय मी तीस वर्षं.

दोन्ही चौकटी मोकळ्या सोडल्या.
समासात, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं:
घर नऊ इंच खाली आहे. मैला वर चढत नाही.
कुणीतरी येऊन बघून जावं.
सही. परवाना क्रमांक.
तारखेवर शेंगेचं टरफल चिकटलं, ते तसंच राहू दिलं.

"मग दंड?"
"बसला तर बघू."
"बघू म्हंजे?"
याचा अर्थ मला सांगता आला नाही.
त्यांनी माझ्या खिशात मूठभर दाणे घातले,
पोपटला एक मूठ जास्त.

जाताना नळीतलं पाणी
कढीपत्त्याच्या बुडाशी सोडलं.
काळ्या मातीवर ते तसंच उभं राहिलं, आभाळ घेऊन.
गेटाची कडी लावताना मागं वळून बघितलं,
तर थोडंसं
मुरलं होतं.