डिझेल, लवंग, मासळी

पहाटे तीनला शामे उठून बसतो
आणि म्हणतो, डिझेलचा वास येतोय.
आमच्या घरात डिझेल नाही.
चुलीत करवंट्या जळतात,
कोपऱ्यात सुकी मासळी टांगलेली आहे, तिचा येत असेल.
तो म्हणतो, नाही. डिझेल.

बोट बुडाली त्याला दोन हंगाम झाले.
त्या रात्री माझा नवरा सुकाणूवर होता.
किनाऱ्यावर त्याला कोरडा सदरा दिला कुणीतरी
आणि बटणं लावायच्या आत विचारलं,
किती माणसं होती बोटीत?
त्याने आकडा सांगितला.
तेव्हापासून तो आकडा आमच्या घरात राहतो,
आमच्याच ताटात जेवतो.

वेतेच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या.
शेखसाहेबांनी पाणी मंतरून दिलं.
गुण आलाच नाही असं मी म्हणणार नाही.
झोप आली. तो आला नाही.
डोळे घरात,
बाकीचा माणूस अजून पाण्यात.

मग पेम्बाभर लवंगा निघाल्या.
माझी आत्या, बी झुमे,
जिच्या जिभेला कधीच हाड नव्हतं,
तिने त्याला अंगणात बसवलं.
पुढ्यात चार चटया, चटयांवर हिरव्या-गुलाबी कळ्या.
म्हणाली, देठं वेगळी कर आणि वास घे.
सकाळी एक असतो, उन्हं चढली की दुसरा,
उतरली की आणखी निराळा.
कुठल्या चटईला कुठला, ते मला येऊन सांगायचं.
मला म्हातारीला आता नाक राहिलं नाही.

(हे खोटं होतं. शेजारच्या घरात भात लागला
तर तिला आमच्या घरात कळतं.)

पहिल्या दिवशी तो म्हणाला, सगळ्या सारख्याच.
दुसऱ्या दिवशी म्हणाला, सगळ्या सारख्याच.
तिसऱ्या दिवशी काही म्हणालाच नाही.
पाचव्या की सहाव्या दुपारी
मी जेवायला हाक मारली, तर ओ नाही.
धावत बाहेर आले,
तर हा तिसऱ्या चटईवर ओणवा,
नाक जवळजवळ कळ्यांत खुपसलेलं.
ही, म्हणाला, ही अजून जरा कैरीच्या चिकासारखी आहे.
आत्या म्हणाली,
मग उलथ की तिला. बघतोस काय?

तेव्हापासून मीही बघतेय.
वास घ्यायचा तर श्वास घ्यावाच लागतो.
हुंदक्यात घेता येत नाही,
मोजताना तर नाहीच.
मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर राहतो,
आवाज फोनमध्ये राहतो,
वास मात्र शिळा करून ठेवता येत नाही.
नाकासमोर असेल तेच नाकात जातं.

मग ते पहाटेचं डिझेल कुठून येतं?
हे मला सुटलेलं नाही.
आत्याला विचारलं.
ती म्हणाली, ढग बघ. चटया आत घे.

काल पोती घेऊन धक्क्यावर गेलो.
बोट लागलेली होती, इंजिन चालू,
पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग,
आणि हवेत ते. खरं. सगळ्यांना येणारं.
शामे थांबला.
मागून लोक ओरडले, वाट सोड.
त्याने वाट सोडली नाही.
तळहात नाकाशी नेला,
महिनाभर कळ्या चाळून चाळून काळवंडलेला,
आणि तसाच उभा राहिला, किती वेळ कोण जाणे.
मग मला म्हणाला, हळू,
कुणी सामान मोजून ताब्यात घ्यावं तसं:
हे डिझेल.
ही लवंग.
आणि तू घामेजली आहेस, मिझे.

बोटीत चढला नाही.
पोतं मात्र फळीपर्यंत स्वतः नेलं.

आणि आज पहाटे तीनला
उठून बसलाच.
मी डोळे मिटून पडून राहिले, वाट बघत.
बराच वेळ तो अंधार हुंगत होता.
मग म्हणाला,
मासळी.
मी म्हटलं, हो.