शेरा

भोसरीत, टेल्को रोडच्या आत, बेअरिंगचं गोदाम.
माळ्यावरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं.
फळ्यावर डावीकडे जुनं, उजवीकडे नवं,
मधे बाण.
नाव गेलं नावात. पत्ता पत्त्यात.
उधारीची मुदत दोन ठिकाणी निघाली, तिथे चहा मागवला.

मग 'शेरा' आला.
चाळीस अक्षरांची जागा,
एकोणीस वर्षं विदुला खळदकरांनी भरलेली,
मागच्या टेबलावरून:
दोननंतर फोन करणे.
चेक देतो, पण तारीख बघून घेणे.
मुलगी आजारी. मार्चपर्यंत तगादा नको.
कुठला मार्च, ते लिहिलेलं नाही.

नव्यात शेऱ्याला जागा नाही.
तिथे तीनच पर्याय, एक निवडायचा:
गरम, कोमट, थंड.

मी म्हटलं, राहू दे, आधी दुबार नोंदी काढू.
लॅपटॉपनं लगेच दोन पुढे केल्या,
बोत्रे ट्रेडर्स, बोत्रे एंटरप्रायझेस,
फोन एकच. एकत्र करू?

खळदकर बाई सकाळपासून पहिल्यांदा उठल्या.
"नका करू.
भाऊ वेगळे झालेत.
फोन आईच्या खोलीत असतो,
तेवढा वाटायचा राहिलाय.
त्याच उचलतात. आधी विचारतात, कुणाकडचं काम?"

या टप्प्याला आराखड्यात दीड दिवस धरला होता.
मी दीड खोडलं. पुढे काही सुचेना.
खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं,
पत्र्यावर थाप मारत,
येऊ दे, येऊ दे,
अजून
येऊ दे.