इत्यादी

डब्यावर गाईचं चित्र,
शेजारी हिरवं पान, पानावर थेंब.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात झाडांची नावं:
शतावरी, मेथी, जिरं, बडीशेप,
दोन मला वाचता आली नाहीत,
आणि शेवटी
इत्यादी.

सासूनं आणला, घाटंजीच्या बाजारातून.
जीपवर भोंगा लावून विकत होता एक माणूस,
'झाडपाल्याचं हाये माय,
झाडपाल्यानं कोणाचं वाईट झालं?'
तीनशे साठ रुपये.
म्हणजे नऊ रुपये किलोनं
चाळीस किलो कापूस वेचला तिनं.
बोंडांनी नखांपाशी फाटलेली बोटं
झाकण उघडत होती,
तेव्हा नाही कशी म्हणणार होते मी?

चार दिवस घेतलं, कोमट दुधातून.
आधी गोड, मग घशात मागून कडू.

पाचव्या दिवशी पोट्टी झोपली ती झोपलीच.
गंज पडला, कुत्रं भुंकलं,
शेजारच्या दळणाच्या चक्कीचा पट्टा तुटला, तरी नाही.
घरचे म्हणाले, पोट भरलं, आता झोपते सुखानं.
मी तिच्या तळपायाला टिचक्या मारत बसले.

उपकेंद्रात खोब्रागडे सिस्टरनं
डबा उलटा केला, पालथा केला.
तारीख नाही. पत्ता नाही.
मग मलाच विचारलं,
'लंगोट किती ओले होतात दिवसाचे?'
दोरी आठवून मोजले. सात. कधी आठ.
झोळीच्या काट्यात घातलं पोट्टीला,
मागच्या खेपेपेक्षा साडेसहाशे ग्रॅम वर.
'मंग दूध कमी हाये हे कोणं सांगतलं तुले?'

कोणं सांगतलं?
बारशाच्या दिवशी दुर्पतामावशीनं
माझ्या पोलक्याकडं पाहून म्हटलं होतं,
'कोरडंच दिसते वो.'
एवढंच. त्यावर एवढा डबा.

'यानंच झोपली का, सिस्टर?'
'मले माहीत नाही,' ती म्हणाली.
असं म्हणणारं माणूस
बाळंतपणापासून पहिलंच भेटलं मला.
'याच्यात काय हाये थेच माहीत नाही,
त कशी सांगू? धोतराबी झाडच हाये ना.
तू खाशीन त्यातलं थोडंफार तिच्यापर्यंत जाते.
बंद कर. दर दोन तासानं उठवून पाज.
उठली नाही, ओढली नाही,
त रात्र पाहू नको, फोन कर.'

घरी सांगितलं.
सासू काही बोलली नाही.
ज्वारीचं पीठ मळत राहिली,
भाकरीला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ.

रात्री दीडला रडली पोट्टी.
काय रडली! अख्खी गल्ली उठली असेल.
माझ्याआधी सासूच उठली,
तिला माझ्या मांडीवर दिलं
आणि मोबाईलची बत्ती धरून बसली,
गिळताना गळा हलतो का ते पाहत.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
'त्या इत्यादीत काय असन वो?'

मी म्हटलं, मले माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला
तिनंच दोरीवरचे लंगोट मोजले,
एकेकाला बोट लावत.
सात.
आठवा माझ्या खांद्यावर होता,
अजून गरम.